कवठे येमाईहून युरोपला

प्रवासापेक्षा प्रवासाचे बेत आखण्यातच खरा आनंद असतो, असे म्हणण्याची एक पद्धत आहे. ज्यांनी कोणी हे प्रथम म्हटले, त्यांनी तीन पिढ्यांच्या सहा माणसांचा बेत खचित आखला नसावा. त्यातून त्या सहांपैकी एकजण अडसाली उसाचा मालक असेल, तर त्या आनंदाची गोडी काही वेगळीच!

आमची मंडळी अशी: मी, सौभाग्यवती, अकरावीतली मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा, आणि कवठे येमाईला शेतातल्या घरात राहणारे आई व आबा. आबांचे वय चौऱ्याहत्तर. आईचे गुडघे तिच्याहूनही वयस्कर. मुलगी पुढल्या वर्षी बारावीला जाणार, म्हणजे घरात वर्षभर संचारबंदी. त्यानंतर ती कोठे शिकायला जाईल, आईचे गुडघे कितपत साथ देतील, याचा भरवसा नाही. सहाजणांनी मिळून कोठे जायचे तर ते याच नाताळात, हे आम्ही न बोलता ओळखले होते.

कवठे येमाई वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. शिरूर तालुक्यात गावाच्या नावापुढे देवीचे नाव जोडण्याची रीत आहे. कान्हूर मेसाई तसे हे कवठे येमाई. घोड आणि कुकडी या दोन नद्यांमुळे या भागाला लोक 'बेट' म्हणतात. एके काळी हा मुलूख बाजरीचा आणि पावसाची वाट पाहणाऱ्यांचा. पुढे घोडेवर डिंभ्याचे धरण झाले, नदीत कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे पडले, आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. गावाला आणखी एक मोठेपण आहे ते तमाशाचे. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर इथलेच. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी वग लिहिले, लावण्या लिहिल्या. २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार राज्य शासनाने त्यांना दिला. २०२१ साली ते गेले. मी मराठीचा प्राध्यापक झालो, याचे श्रेय आमच्या विद्यापीठाला जेवढे आहे तेवढेच कवठ्याच्या जत्रेतल्या फडालाही आहे. पण हे महाविद्यालयात बोलायचे नसते.

तर बेत. मुलीने पहिली यादी केली तीत पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी सहा शहरे दहा दिवसांत बसवली होती. यादी पाहून आबा म्हणाले, "ह्यो परवास हाय का उसाची वाहातूक?" मी तिला एवढेच सांगितले की, डिसेंबरअखेर व्हिएन्नात पावणेआठच्या सुमारास उजाडते आणि चार वाजून गेले की दिवे लागतात. जेमतेम सव्वाआठ तासांचा दिवस. आपल्या कवठ्याला त्याच दिवशी अकरा तास ऊन असते. पॅरिसची गत व्हिएन्नासारखीच, आणि बर्लिनमध्ये दिवस याहून आखूड. ज्या दिवसाला बूडच नाही त्यात दोन शहरे कशी मावणार? हिवाळ्यात युरोपला जाणाऱ्याने पैशांच्या आधी उजेडाचा हिशेब करावा.

दुसरी गोष्ट सणाची. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला बाजार रात्रीपर्यंत फुललेला असतो. तिकडे चोवीस डिसेंबरला दुपारनंतर दुकाने मिटतात आणि माणसे घरात जातात. पंचवीस व सव्वीस या दोन्ही दिवशी ऑस्ट्रियातही सुट्टी, इटलीतही सुट्टी. दूध-पाव आधी आणून ठेवावा लागतो. नाताळचे बाजार नाताळानंतर असतील, अशा समजुतीने जाणाऱ्याच्या हाती बरेचदा मोडलेले मांडव लागतात. ते बाजार नाताळची वाट पाहण्यासाठी असतात, आणि सण आला की त्यांचे काम संपते. व्हिएन्नातल्या डिसेंबरच्या बाजाराची परंपरा तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे नेतात. म्हणजे इकडे ज्ञानेश्वरी (१२९०) नुकतीच सिद्ध झालेली, आणि तिकडे थंडीत कोणीतरी पाल ठोकत होते. असो. म्हणून आम्ही वीस तारखेला निघायचे ठरवले.

शहरे उरली तीन: व्हिएन्ना, फ्लॉरेन्स आणि रोम. व्हिएन्नाहून रोमला जाणारी रात्रीची गाडी फ्लॉरेन्सवरून जाते, त्यामुळे एका रात्रीचे भाडे वाचते. व्हिएन्ना आले ते चित्रांमुळे. तेथल्या कलासंग्रहालयात ब्रॉयगेलची १५६५ सालची 'बर्फातले शिकारी' आहे आणि त्याच चित्रकाराची 'शेतकऱ्याचे लग्न' आहे. हे दुसरे चित्र मी आबांना मोबाइलवर दाखवले. लांबट टेबलाशी पंगत बसली आहे, आणि दोन गडी भल्यामोठ्या फळीवरून ताटल्या आणीत आहेत. आबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "आरं, फळी न्हवं ही. दार हाय. बिजागरीतनं काढून आनलंय." कलेचे अभ्यासकही हेच सांगतात. मग त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट नेले. "आन् ही भित न्हाई. पेंढ्यांची गंजी हाय. लगीन खळ्याच्या खोपीत लावलंय. सुगी झाल्यावरचं दिसतंय." मी दोन पुस्तके वाचून जे मिळवले होते, ते आबांनी चष्मा पुसायच्या आत सांगून टाकले. हे चित्र त्यांनी समोर उभे राहून पाहावे, असे मला त्या क्षणी फार वाटले. आज लिहितानाही वाटते.

फ्लॉरेन्स मात्र आबांनी मागून घेतले. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले होते. वय वर्षे वीस. व्हिक्टोरिया राणीला भेटले, इंग्लंड पाहिले, रोजनिशी लिहिली. ती रोजनिशी १८७२ साली लंडनला छापली गेली. पण ती छापलेली पाहायला ते राहिले नाहीत. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि प्रेत जाळण्याची त्या शहराला सवय नव्हती. तरीही परवानगी मिळाली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, हिंदू रीतीने, रातोरात दहन झाले. पुढे १८७४ साली तेथे छत्री बांधली, आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवला. आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी नंतर कोल्हापूरचा नवा राजवाडा योजला. छत्री आजही आहे, आणि जवळच्या पुलालाही 'भारतीयाचा पूल' असेच नाव आहे.

ही हकीकत मी जेवताना सांगत होतो. आबा भाकरी मोडायचे थांबले. "ईस वर्सांचं पोर," ते म्हणाले, "आन् रडाय आई-बाप कुनी न्हाई. तिथं जायाचं." आई म्हणाली, "ती जागा कंच्या गावात म्हनलास?" मी म्हटले, बागेत आहे, आणि त्या बागेचे नाव 'काशिने'. आईने पदर सावरला. "मंग काशीच की," ती म्हणाली, आणि गुडघ्यांचा विषय त्या दिवसापासून तिने स्वतःहून काढलेला नाही.

आपल्या भाषेत युरोपच्या प्रवासवर्णनांना तोटा नाही. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ चा, अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० चे, पु. लं.ची 'अपूर्वाई' १९६० ची. ही पुस्तके मी वर्गात शिकवतो. त्यांतले प्रवासी बहुधा एकटे असतात, फार तर जोडप्याने असतात. आईवडील बंदरावर किंवा घरी राहतात, आणि पुढे पत्रांतून भेटतात. म्हाताऱ्या शेतकरी बापाला बरोबर घेऊन निघालेला प्रवासी मला अजून तरी भेटलेला नाही.

का भेटत नाही, ते व्हिसाचे कागद जमवताना कळते. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव, जवळजवळ आपल्या कवठ्यासारखेच. १४ जून १९८५ रोजी तेथे एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या, आणि आता एकोणतीस देशांना मिळून एक व्हिसा पुरतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आमच्या चार रात्री ऑस्ट्रियात, सहा इटलीत, तेव्हा अर्ज इटलीकडे. मोठ्यांना नव्वद युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना पंचेचाळीस. आमचे चारशे पंच्याण्णव युरो झाले, वर केंद्राचा आकार वेगळा. अर्ज नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. शिवाय माणशी निदान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा. हे सारे ठीक. पण त्यांना खरी खात्री हवी असते ती ही की, माणूस परत येईल. माझ्यासाठी रजेचे पत्र आणि पगाराच्या पावत्या आहेत. आबांसाठी काय? सातबारा, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर. त्या उताऱ्यावर 'ऊस' या शब्दाची नोंद होती, तिच्याकडे पाहून आबा म्हणाले, "ऊस उभा टाकून तिकडं कोन ऱ्हाईल? येवढं त्यास्नी कळत न्हाई?"

मग बोटांचे ठसे. दहाही बोटांचे द्यावे लागतात. रेशनच्या दुकानात आबांचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, ही गावातली जुनी गोष्ट. साठ वर्षे विळा, खोरे आणि उसाचे पाचट यांनी त्या बोटांवरच्या रेघा घासून नेल्या आहेत. मी रोज रात्री त्यांच्या हातांना तेल चोळायला सांगितले. ते चोळतात, पण तक्रारीच्या सुरात. "आरं, हे हात बघूनच त्यांनी मला वळखाया पायजे." नियमात अशा माणसांची सोय आहे, परंतु काचेपलीकडचा गृहस्थ ती सोय लक्षात ठेवील काय, हे त्याच दिवशी समजायचे.

खर्चाचा हिशेब आबांनी आपल्या मापाने केला. माणशी दीड-पावणेदोन लाख, असे मी म्हणालो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये दर ठरवला होता. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. एकरी पन्नास-पंचावन्न टन धरले, तर माणशी एक एकर ऊस. "म्हंजी सहा एकर," आबा म्हणाले. "खताचा खर्च मी अजून धरला न्हाई." पैसे मी आणि सौभाग्यवती आमच्या साठवणीतून देणार आहोत, हे त्यांना ठाऊक आहे. तरीसुद्धा रोज संध्याकाळी ते बांधावर उभे राहून सहा एकर नजरेने मोजतात.

अडचण मात्र पैशांत नाही. अडचण तोडीत आहे. युरोप म्हणतो, तीन महिने आधी तास-मिनिटांसह आरक्षण करा. आमची जुलैतली अडसाली लागण, तेव्हा तोड पुढल्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत, पण नेमकी कधी, ते कारखान्याचा चिटबॉय दोन दिवस आधी सांगणार. टोळी आली नि मालक नाही, तर टोळी पुढच्या शेतात जाते, आणि उभा ऊस वाळून वजनाला हलका होतो. धाकटा भाऊ आणि भावजय घरी राहणार आहेत. भाऊ म्हणाला, "दादा, तोड मी बघतो. फकस्त आबांनी तिथनं फोनवर शिव्या देऊ नयेत."

त्याहून मोठी काळजी त्याने बोलून दाखवली नाही. ऊस तुटू लागला की बिबट्यांचा आसरा तुटतो, आणि ते वस्तीकडे सरकतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. त्यानंतर तिन्हीसांजेला आमच्या वस्तीवर कोणी एकटे बाहेर पडत नाही. रात्रीची वीज आली तर पाणी द्यायला दोघे जातात. आबा गेल्यावर भावाबरोबर दुसरा कोण, हा प्रश्न आहे. भावजयीच्या भावाने दहा दिवस येऊन राहायचे कबूल केले, तेव्हाच आम्ही तिकिटे काढली. व्हिएन्नातल्या शून्य अंशांची भीती आबांना घालून पाहिली, तर ते हसले. जानेवारीच्या रात्री दोन वाजता गुडघाभर पाण्यात उभे राहून दारे मोडणाऱ्याला थंडी सांगणे जरा धाडसाचेच.

आता बांधाबांध सुरू आहे. युरोपात दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही, म्हणून आईने काढून ठेवलेली तुपाची बरणी परत फडताळात गेली. चिवडा, चकल्या, कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर येणार. बहुतेक फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, पण अननस, केळी, फणसासारखा ड्युरियन, खजूर आणि नारळ ही पाच फळे त्यातून सुटली आहेत. मुलीने हे वाचून दाखवल्यावर आईने विचारले, "नारळ चालतो? नक्की?"

"चालतो, आज्जी. सुके खोबरे मात्र विमानवाले घेत नाहीत. ते पेटते म्हणे."

आईने खणाचा एक तुकडा, हळदीकुंकवाची पुडी आणि पाणीदार नारळ शोधून वेगळे ठेवले. कशासाठी, असे मी विचारले. "नदीची वटी भराया," ती म्हणाली. "त्या पोराला पोटात घेतलं न्हवं तिनं." बागेच्या रखवालदाराला हे कसे समजवायचे, ते मुलगी सध्या इटालियन भाषेत पाठ करीत आहे. ठशांची तारीख येत्या मंगळवारी आहे, आणि आबांच्या उशाशी तेलाची वाटी ठेवलेली आहे.