लौलान आणि रजा

सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत, त्यांतलंच माझं आजोळ. मामांची आंतर्देशीय पत्रं लडाखहून यायची, पण पत्त्यात लडाख नसायचं. नुसतं '56 एपीओ', म्हणजे लष्करी टपाल. थंडीबद्दल अवाक्षर नसायचं. 'मी खुशाल आहे' एवढंच. कॉलेजात असताना तांग काळातल्या चिनी सीमाकविता इंग्रजीतून वाचल्या, तेव्हा आठव्या शतकातले ते सैनिक मला ओळखीचेच वाटले.

सगळ्यांत आवडला वांग चांगलिंग. त्याच्या एका कवितेत छिंगहाईवरचे ढग, दूरवरचं युमनचं ठाणं, वाळूने झिजून गेलेली चिलखतं, आणि लौलान शहर सर करण्याचा निर्धार. ती कविता वहीत उतरवून मी पाठ केली होती. त्या वयात निर्धारच तेवढा भिडला.

लौलानचा इतिहास पुढे कळला. इ.स.पू. 77 मध्ये चीनच्या हान दरबाराने तिथल्या राजाचा खून करवला आणि राज्याचं नावही बदललं. वांग लिहीत होता तेव्हा ते शहर ओस पडून शतकं लोटली होती. शत्रू आजचा आणि नाव हानकाळातलं, हा तांग कवींचा रिवाजच. तरीही अंगावर काटा आला. जे शहर उरलंच नाही, ते जिंकून घरी परतणार कधी? अठराव्या शतकातले समीक्षक शन दछ्येन यांनाही या कवितेत वीरश्रीपेक्षा परतीचा दिवसच नसल्याचं दुःख अधिक अर्थपूर्ण वाटलं होतं. मला ते पूर्ण पटतं.

मामा पेन्शनीत आल्यावर त्यांना मी ही कविता मराठीत सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "रजा किती मिळायची रे त्यांना?"

उत्तर दू फू या तांग कवीकडे आहे. त्याच्या सैन्यगाड्यांच्या कवितेत पंधराव्या वर्षी नदीच्या पहाऱ्यावर धाडलेला माणूस चाळिशीतही सरहद्दीवरच शेती करतो आहे. आणि गाओ शी या दुसऱ्या तांग कवीने 738 साली सरळ बोट दाखवलं: आघाडीवर माणसं मरताहेत आणि सेनापतीच्या तंबूत नाचगाणं चाललंय. निर्धाराच्या कवितांइतक्याच या कविता मोठ्या आहेत. माझ्या लेखी तर त्याहून मोठ्या, कारण त्या सैनिकाच्या बाजूने बोलतात.

वांग चांगलिंगचा मृत्यू सरहद्दीवर झाला नाही. आन लुशान या सेनापतीच्या बंडाच्या धामधुमीत, 756 च्या सुमारास, तो गावाकडे निघाला होता. वाटेत त्याला मारलं ते आपल्याच राज्यातल्या एका अधिकाऱ्याने.