राख आणि झावळी

दमणगंगेकाठचे सिल्वासा हे आमचे गाव. वापी स्थानकावर उतरून आत वळले, की मालमोटारींच्या रांगांतून वाट काढीत आपण येथे पोहोचतो. दादरा व नगर हवेलीचे हे मुख्य ठिकाण आता पुष्कळ बदलले आहे. २०२० च्या प्रजासत्ताकदिनापासून तर दमण आणि दीव यांच्याशी आमचा संसार एकत्र मांडण्यात आला. तथापि गावात एक वास्तू आपल्या जागी स्वस्थ उभी आहे. ती म्हणजे १८९७ साली बांधलेले ‘अवर लेडी ऑफ पायटी’ हे कॅथलिक चर्च. मृत पुत्राला मांडीवर घेऊन बसलेली माता, असा या नावामागचा भाव. या चर्चची घंटा ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. परंतु वयाची त्रेपन्न वर्षे उलटेपर्यंत त्याच्या उंबरठ्यावर आमचे पाऊल पडले नव्हते. ते का पडले नाही आणि पुढे कसे पडले, हे वाचकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वडील १९६१ नंतर, म्हणजे हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाल्यावर, येथे शिक्षक म्हणून आले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त करणाऱ्या तरुणांविषयी त्यांना अपार अभिमान होता. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्या संग्रामात होते, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास सांगत. चर्चकडे बोट दाखवून मात्र एवढेच म्हणत, “ती इगर्जी त्यांची. आपण लांबूनच जावे.” ‘त्यांची’ म्हणजे पोर्तुगीजांची. पोर्तुगीज गेले, कालांतराने वडीलही गेले. पण तो ‘त्यांची’ हा शब्द आमच्या मनात तसाच राहिला. आमच्याबरोबर वाढलेली, आमच्याच गल्लीत राहणारी कॅथलिक कुटुंबे त्या शब्दात कशी बसतात, हे आम्ही स्वतःला कधी विचारले नाही.

विचारण्याची वेळ आली ती १४ फेब्रुवारी २०२४ रोजी. आदल्या दिवशी माघी गणेशजयंती झाली होती. शाळेत एका सहकाऱ्यांचा निरोपसमारंभ होता. बटाटेवडे आणि पेढे आले. आमच्या एक ज्येष्ठ शिक्षिका, धर्माने कॅथलिक, बशी न घेता एका कडेला बसल्या होत्या. कपाळावर काळसर डाग होता. मुख्याध्यापकाच्या थाटात आम्ही सर्वांदेखत म्हणालो, “बाई, आज चूल फुंकून आलात वाटते? आरशात पाहायला सवड झाली नाही?” सगळे हसले. बाई रागावल्या नाहीत. “सर, आज राखेचा बुधवार. ही राख सकाळी चर्चमध्ये लावली. आज माझा उपास आहे,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्या रात्री आम्हांस लवकर झोप लागली नाही. धुळवडीला होळीची राख कपाळी लावणारे आम्ही, भस्म लावलेल्या साधूला वाकून नमस्कार करणारे आम्ही. आणि राखेलाच हसलो! दुसऱ्या दिवशी बाईंना कार्यालयात बोलावून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “सर, मनाला लावून घेऊ नका. हे चाळीस दिवस आमचेच अपराध मोजण्याचे असतात. पण एकदा चर्चमध्ये या.” थट्टा भर समारंभात केली होती आणि क्षमा मात्र चार भिंतींच्या आड मागितली, ही गोष्ट त्या वेळी आमच्या ध्यानात आली नाही.

या चाळीस दिवसांना मराठी कॅथलिक उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. पोर्तुगीज नाव ‘क्वारेस्मा’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘चाळिसावा’. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे हे स्मरण. पंचांगाची सवय असलेल्या वाचकांस त्याचा हिशेब गंमतीचा वाटेल. २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. तेथून मागे मोजत राखेचा बुधवार काढतात. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात सेहेचाळीस. त्यांतील सहा रविवार आनंदाचे म्हणून वगळले, की चाळीस उरतात. आपल्या संकष्टीप्रमाणे त्यांच्या व्रताचे सूत्रही अखेर चंद्राच्याच हाती आहे.

चाळीसही दिवस निराहार राहावे असा मात्र नियम नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनी, साठावे वर्ष लागेपर्यंत, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच वेळ पोटभर जेवावे. बाकी दोन वेळा अगदी थोडे खावे. चौदा वर्षांवरील सर्वांनी या दोन दिवशी आणि या काळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करावे. मासळीस मनाई नाही. त्यापलीकडे ज्याने त्याने आपल्या आवडीची एखादी गोष्ट सोडावी. मात्र उपवास, प्रार्थना आणि दान ही तिन्ही अंगे एकत्र असली तरच व्रत पुरे होते. बाईंच्या घरी यासाठी पत्र्याचा एक डबा असतो. “वडा खाल्ला नाही, तर वड्याचे पैसे डब्यात टाकायचे,” त्यांनी आम्हांस समजावले. “नाहीतर तो उपास कसला सर? ती नुसती काटकसर.” डबा पवित्र सप्ताहात उघडतो आणि त्यातील पैसे गरजूंकडे जातात.

हे ऐकून आम्हांस ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आठवली आणि थोडे खजील व्हायला झाले. आमचे उपासाचे ताट पाहावे तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी आणि वर हिरवी मिरची! त्यातही कौतुक असे, की बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्यापासून आज आपला साबुदाणा होतो तो टॅपिओकाचा कंद, ही सारी मूळची अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगीज गलबते आपल्या किनाऱ्यावर येऊ लागल्यानंतरच्या काळात ती आपल्याकडे रुजली. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा त्यांचाच. ज्यांची इगर्जी आम्ही लांबून टाळली, त्यांच्या गलबतांचे ऋण आम्ही दर एकादशीस सोवळ्यात भक्षण करीत होतो.

८ मार्चला महाशिवरात्र होती आणि वारही शुक्रवार. शाळेला सुट्टी. सकाळी महादेवाचे दर्शन घेतले आणि सायंकाळी, पोटात शिवरात्रीचा उपास असतानाच, आम्ही प्रथमच चर्चमध्ये गेलो. वेदीवर फुले नव्हती. या दिवसांत ती ठेवीत नाहीत. धर्मगुरूंच्या अंगावर प्रायश्चित्ताचे जांभळे वस्त्र होते. ‘क्रुसाची वाट’ नावाची प्रार्थना चालली होती. येशूला दंड सुनावल्यापासून कबरीत ठेवण्यापर्यंतचे चौदा टप्पे. प्रत्येक टप्प्याशी थांबून गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची आणि पुढे सरकायचे. क्रूस वाहणारा येशू वाटेत तीनदा पडतो आणि तीनदा उठतो. सहाव्या टप्प्यावर एक स्त्री गर्दीतून पुढे होऊन त्याचा माखलेला चेहरा पुसते. तेथे आमची दृष्टी नकळत बाईंकडे गेली आणि पुन्हा खाली वळली.

एम. ए. ला असताना आम्ही फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ अभ्यासले होते. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, येथील भाषा शिकला आणि येशूची कथा त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितली. १६१६ साली रायतूर येथे तो ग्रंथ छापला गेला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यात लोकभाषा बंद पाडण्याचा हुकूम काढला. तरीही ख्रिस्ती घरांतून या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या गेल्या. परीक्षेत यावर आम्ही उत्तम उत्तर लिहिले होते. हुकूम काढणारे निराळे आणि ओव्या म्हणणारे निराळे, हे मात्र त्या बाकावर गुडघे टेकलेली माणसे पाहिली तेव्हाच उमगले.

घरी येऊन वडिलांची जुनी टिपणवही काढली. तिच्यात त्यांच्याच हस्ताक्षरात नगर हवेलीचा इतिहास होता. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले; त्याच्या भरपाईचा प्रश्न आला; १७७९ च्या डिसेंबरात पुण्याशी तह झाला आणि बारा हजार रुपये वसुलाची गावे देण्याचे ठरले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. म्हणजे या मुलखातील वारली, कोकणा, धोडिया यांना कोणी काही न विचारता त्यांची गावे दुसऱ्याच्या पदरात टाकणारा कागद पुण्याच्या दरबारातला होता! वडिलांना हे ठाऊक होते. आम्हांसही होते. फक्त ‘त्यांचे’ दोष मोजताना त्या पानावर आमचे बोट कधी थांबले नव्हते. प्रायश्चित्ताचा आरंभ स्वतःच्या हिशेबापासून करावा, हे बाईंचे म्हणणे आम्हांस त्या रात्री पटले.

त्या वर्षी योग मोठे विलक्षण आले. १२ मार्चला रमजान लागला आणि शाळेतील काही मुलांचे रोजे सुरू झाले. २४ मार्चला झावळ्यांचा रविवार होता आणि त्याच रात्री होळी. सकाळी कॅथलिक मंडळी आशीर्वादित झावळ्या हाती घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये गेली. रात्री गावोगाव होळ्या पेटल्या. आमच्या आदिवासी बांधवांचा होळी हा मोठा सण. कामासाठी दूर गेलेली माणसेही त्या दिवशी घर गाठतात. बाईंनी झावळीची एक पाती आमच्या हाती दिली. ती कोठे ठेवावी हे न सुचून आम्ही ती वडिलांच्या तसबिरीमागे खोचली. मनात म्हटले, बाबा, रागावू नका.

पवित्र गुरुवारच्या उपासनेनंतर चर्चची घंटा मुकी होते. गुड फ्रायडेला मिस्सा नसते. वेदी उघडी, क्रुसाला वंदन करून लोक अबोलपणे घरी जातात. दरवर्षी हे दोन दिवस घंटा वाजत नाही, हे पन्नास वर्षे ती ऐकणाऱ्या आमच्या कानांस कधी कळले नव्हते. शनिवारी रात्री आम्ही अंगणात उभे राहिलो. काळोखात अग्नी पेटविण्यात आला. त्यावरून मोठी मेणबत्ती आणि तिच्यावरून शेकडो लहान मेणबत्त्या लागल्या. सहा दिवसांपूर्वी आम्ही होळीभोवती पाणी फिरविले होते. तोच धग चेहऱ्यावर आली. मग एकाएकी घंटा घणघणली. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आजींनी डोळे पुसले. आमचेही कोरडे नव्हते.

ईस्टरनंतर शाळा भरली तेव्हा शिक्षकांच्या बैठकीत आम्ही उभे राहिलो आणि फेब्रुवारीतील त्या थट्टेबद्दल बाईंची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. बाई संकोचल्या. म्हणाल्या, “सर, आता बसा पाहू,” आणि आपल्या घरचा केक सर्वांना वाटला. आम्ही दोन तुकडे खाल्ले.

२०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला होता. त्याआधी काही दिवस बाई कार्यालयात आल्या. “सर, गेल्या वर्षीची ती झावळी जपून ठेवलीत का? असली तर परत द्या. जुन्या झावळ्या जाळूनच बुधवारची राख करतात.” आम्ही घरी गेलो, वडिलांच्या तसबिरीमागून वाळलेली पाती काढली, कागदात गुंडाळली आणि त्यांच्या स्वाधीन केली. बुधवारी बाई शाळेत आल्या त्या कपाळावर राख घेऊन. कोणी हसले नाही. त्या राखेत वडिलांच्या तसबिरीमागच्या झावळीचाही अंश असेल, हे आम्ही कोणास सांगितले नाही. मधल्या सुट्टीत चहा आला. आम्ही कप परत पाठविला आणि त्याचे पैसे टेबलाच्या खणात एका डबीत टाकले.