राणीछाप रुपयाची झीज

राणीछाप रुपया काठाला चिमटीत धरावा, बोटांचा घाम दोन्ही बाजूंना लागू देऊ नये, आणि दिव्याखाली तो सावकाश तिरपा करत जावे. चेहरा मोहात पाडतो, म्हणून मी आधी मुकुटाखालचे केस बघतो, मग गाल, मग अंगावरच्या वस्त्राची वेलबुट्टी. नाणे झिजते ते उंचवट्यांपासून. ठशात ज्या जागा सर्वांत वर येतात, त्याच बटव्याला, बोटांना, शेजारच्या नाण्यांना आधी भिडतात. बट न् बट सुटी दिसली तर ‘एक्स्ट्रा फाईन’. बटा एकमेकींत मिसळल्या पण वेलबुट्टी अजून लागते, तर ‘व्हेरी फाईन’. नुसता आकार उरला, तर आणखी खाली.

कस लागतो तो पुढे. टाकसाळीत ठसाच हलका बसला असेल, तर कोरे नाणेही त्याच जागी सपाट दिसते. तिथे निवाडा करते ती झळाळी. न वापरलेल्या चांदीवर, नाणे हलवले की प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. सपाट जागेवरूनही तो अखंड गेला, तर ती झीज नव्हे. तिथेच तो विझून करडेपण दिसले, तर रुपया बाजार फिरून आलेला आहे.

सालावर मात्र विसंबू नये. १८६२ हे साल पुढे दहाएक वर्षे ठशावर तसेच राहिले. जाणकार मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून काळ लावतात.

वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के. १९०६ च्या नाणे कायद्याने वजनातली घट दोन टक्क्यांपर्यंतच चालवून घेतली होती. पुरता पाव ग्रॅमही नाही! तेवढ्यात किती बाजार, किती हात मावले असतील.

मला खरे दुःख होते ते उजळलेल्या रुपयाचे. लक्ष्मीपूजनाआधी देव्हाऱ्यातले बंदे रुपये चिंचेने, राखेने घासतात. त्यामागच्या श्रद्धेला मी नाव ठेवणार नाही. पण हवेतल्या गंधकाने वर्षानुवर्षे चढलेली काळसर, कडेला निळसर-सोनेरी छटा त्यात जाते, आणि चांदीचा वरचा पापुद्राही. भिंगाखाली मोकळ्या जागेवर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. अक्षरांच्या बेचक्यांत तेवढा जुना काळपटपणा तग धरून असतो. झिजलेला पण न घासलेला रुपया मी अशा चकचकीत रुपयाच्या वर ठेवतो, आणि जाणता संग्राहकही बहुधा तेच करतो.

माळेतून सुटलेले रुपयेही येतात. मुकुटाच्या वर, काठाला डागाची गाठ असते, नाहीतर ती कानशीने काढल्याची सपाट खूण. केस कितीही रेखीव असोत, अशा नाण्याला नुसता दर्जा लावून भागत नाही. पाकिटावर ‘कडी काढलेले’ हे शब्द आधी लिहावे लागतात.