तीन वाजले की दार बंद

सध्या मार्कंड्यात चहाच्या टपरीवर एकच विषय, ग्रामपंचायतीची निवडणूक कधी लागते? 2021 च्या जानेवारीत निवडून आलेल्यांची पाच वर्षं भरली. उभं राहायची हौस बऱ्याच जणांना आहे. पण कागद तयार आहेत का, असं विचारलं की टपरी गप्प होते.

आठवा 2020 चा डिसेंबर. राज्यात 14 हजारांवर ग्रामपंचायती आणि अर्जाची मुदत 23 ते 30 डिसेंबर. मधल्या तीन सुट्ट्या वजा केल्या तर हाती उरले पाच दिवस. अर्ज ऑनलाइन भरा, प्रिंट काढा, सही करून तहसीलला द्या. अख्खा महाराष्ट्र एकाच वेबसाइटवर बसला आणि सर्व्हर झोपला. शेवटी राज्य निवडणूक आयोगानं कागदी अर्ज घ्यायला सांगितलं, 30 तारखेची वेळही तीनवरून साडेपाच केली. चांगलंच केलं. पण ही बातमी मोबाईलवर आली आणि आपल्याकडे आतल्या गावांत रेंज शोधायला झाडावर चढावं लागते!

त्या आठवड्यात बातमीसाठी मी एका तहसील कार्यालयाच्या आवारात होतो. कॅफेवाल्याकडे रांग, झेरॉक्सवाल्याकडे रांग. राखीव जागेवरून उभी राहणारी एक बाई जातीचा दाखला छातीशी धरून बसलेली. वैधतेसाठी अर्ज केल्याची पावती जोडायची असते, हे तिला तिथं आल्यावर कळलं. पहाटे घरून निघालेली. पेसा गावात सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव, अन् पावतीसाठी अडतो तोही आदिवासीच.

आता कोणी म्हणेल, मुदतच सैल करा. मला ते पटत नाही. तीन म्हणजे तीन, हा नियम आमदारालाही लागू आणि मजुरालाही. त्यात गरिबाचा फायदाच आहे. फरक पडतो तो तीनपर्यंत पोचण्यात. 29 ऑक्टोबर 2024 ला, विधानसभेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी, नाशिककडच्या उमेदवारांचे एबी फॉर्म हवाई मार्गानं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. कागदाला हवाई सफर! आणि भामरागडहून गडचिरोलीला यायचं तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, पावसाळ्यात पर्लकोटा चढली की तोही बंद.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कागदी अर्ज पहिल्या दिवसापासून घ्या, शेवटच्या घटकेला नको. आणि वैधतेच्या अर्जांसाठी आत्ताच गावोगावी शिबिरं लावा, आचारसंहिता लागल्यावर कोणाला वेळ राहत नाही.

आणि टपरीवरच्या भावी सरपंचांनो, मतदार यादीत नाव बघून घ्या. वैधतेचा अर्ज टाका, पावतीच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. सेतूत सध्या गर्दी नाही, कालच बघून आलो.