आज्याचा कागद

आज्याच्या नावावर माणसाला आख्खा देश मिळतो, हे मला मुरुडातच कळलं. आमच्या गावात इस्रायल लोकांची घरं होती. शनवार तेली. घाण्यावर तेल काढायचे नि शनवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून पडलेलं नाव. धंद्यावरनं नाव, म्हंजे जातच झाली. आडनावं गावावरनं, पेणकर, रोहेकर, दिवेकर. बायका नऊवारीत, बोली आपलीच. आणि त्यांच्यातही गोरे इस्रायल नि काळे इस्रायल. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाय. कोकणात राहून हे शिकले नसते तरच नवल.

इस्रायलनं 1950 साली परतीचा कायदा केला. ज्यू असेल त्यानं यावं, नागरिक व्हावं. 1970 ला तो वाढवून मुलं, नातवंडं, त्यांचे नवरे-बायकाही आत घेतले. आजा-आजीत एक ज्यू निघालं तरी व्हिसाचा हक्क. जन्मदाखले, लग्नाचे करारनामे, सिनेगॉगची पत्रं ट्रंकांतून निघाली. कोकणातली घरंच्या घरं गेली.

तिकडंही सुटका नव्हती. 1962 साली तिथल्या धर्मपीठानं फर्मान काढलं, की बेने इस्रायलांचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या आईची, आजीची, तिच्याही मागची पिढी तपासा. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट तिथं पुरली नाही. माणसं जेरुसलेमात धरणं धरून बसली. 1964 च्या ऑगस्टात संसदेला ठराव करावा लागला की हे सगळ्या बाबतींत पुरे ज्यू आहेत. मग फर्मान बदललं. हे वाचलं तेव्हा मी रात्रपाळीला होतो. रिंगखात्यात तुटलेला धागा जोडताना ते लोक पहिल्यांदा मला जवळचे वाटले.

कारण आज्याचा कागद मलाही लागतो. जातीच्या दाखल्याला. आमच्यासाठी तारीख 10 ऑगस्ट 1950, पुरावा त्याच्या आधीचा पायजे. 1948 पर्यंत मुरुडावर जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य. आजा शाळेत गेला नाय, म्हणून शाळेचा दाखला नाय. जमीन नाय, म्हणून सातबारा नाय. जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत शेवटी सापडला: नाव तोडून लिहिलेलं, जात मात्र पुरी.

1956 नंतर आज्यानं देव्हारा समुद्रात सोडला नि बौद्ध झाला. त्यानं टाकलेली जात नातवानं हुडकून आणायची. खिडकीतला माणूस म्हणाला, "बौद्ध ते ठीक. मूळचे कोण?"

आम्हाला परत जायला देश नाय. व्हिसा नाय, फीमाफी आहे. तीही मोठीच, मी नाकारत नाय.

मागच्या उन्हाळ्यात गावातल्या एका इस्रायल म्हातारीच्या नातवाचा मुंबईहून फोन आला. अर्ज भरतोय, आजीच्या कबरीवरच्या दगडाचा फोटो पाठव. गेलो. शेवाळ खरवडलं. वरची हिब्रू अक्षरं मला लागली नाहीत, खालची मराठी चटकन लागली. चार फोटो काढून पाठवले. त्यानं विचारलं, "तुझ्या आज्याचा दगड कुठं रे?"

आज्याला आम्ही समुद्राकाठी जाळला. दगड ठेवला नव्हता.