ज्याला शेत नाही त्याचे पाणी

कर्वेनगरात कॅनॉल रोड आहे. आम्ही त्याच भागात राहतो. नळाला पाणी खडकवासल्याचे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी मावते. त्यातूनच पुणे पिते आणि त्यातूनच मुठा उजवा कालवा हडपसर, दौंड करत इंदापूरकडे जातो. आमचे मूळ गाव त्याच्या शेवटाला, म्हणजे टेलला.

उन्हाळ्यात आमच्या फोनवर सलाम-दुआ झाली की पहिला प्रश्न हाच असतो, आवर्तन सुटले का? शहरातले म्हणतात, गावकरी उसाला पाणी उधळतात. गावचे म्हणतात, पुणेकर त्या पाण्याने गाड्या धुतात. दोघांचेही थोडेथोडे खरे आहे. पण या भांडणात तिसरा माणूस कुणाला दिसतच नाही.

आमचे आडनाव बागवान. बाग मात्र एक गुंठाही नाही. अब्बा दुसऱ्याच्या डाळिंबाचा, पेरूचा माल झाडावरच उक्ता घ्यायचे. आवर्तन चुकले की फळ पोसायचे नाही आणि दिलेला विसार बुडायचा. पंचनामा होई तो सात-बाऱ्यावर नाव असणाऱ्याचा. कायद्याने ते बरोबरच. पण पाण्यावाचून बसलेला धंदा कोणत्या रकान्यात लिहायचा? मणियार, तांबोळी, पिंजारी, गावोगावची आपली कितीतरी घरे अशीच बिनजमिनीची.

म्हणून आम्हाला विलासराव साळुंखे मोठे वाटतात. 1972 च्या दुष्काळानंतर या इंजिनिअरने आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला काम सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिथे पाण्याची वाटणी जमिनीवर नव्हे, माणशी. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे, घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा गावकऱ्यांनी उचलायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा! शेत नसलेला पाणी घेऊन काय करील, असे कुणी हसून विचारते. हक्काचे पाणी हाती असले तर तो दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकतो. मजूर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून.

मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, जमिनीखालून आणलेली नहर आमच्या मुलांना ठाऊक असते. तो धडा झाला की आम्ही फळ्यावर एक हिशेब घालतो. एका घरात माणसे चार, जमीन वीस एकर. दुसऱ्या घरात माणसे सहा, जमीन नाही. पाणी पंचायतीच्या नियमाने कुणाला किती एकरांचे पाणी?

यंदा एका मुलाने पहिल्या घरापुढे थेट वीस लिहिले आणि दुसऱ्यापुढे शून्य. का, विचारले तर म्हणाला, "सर, जमीन तो उनकी है ना." नियम पुन्हा वाचून त्याने आकडे मांडले. पहिल्याला दोन, दुसऱ्याला अडीच. त्याने वहीकडे पाहिले, खोडले आणि सगळे गणित परत पहिल्यापासून केले.