कोण कुठे बसलंय

तुमसर तालुक्यात वाढलेल्या माणसाला मॅंगनीजची ओळख करून द्यावी लागत नाही. चिखल्याच्या खाणीत लोक जमिनीखाली उतरतात. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, आणि तिथला मॅंगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी जातो. भंडाऱ्यात पदार्थविज्ञान शिकवत असताना पीएच.डी.चा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा मी मॅंगनीज फेराइट घेतलं ते या मातीच्या ओढीने.

आमच्याकडच्या काळ्या दगडाला लोहचुंबक लावला तर तो सहसा चिकटत नाही. खरं तर त्यातला मॅंगनीजचा एकेक अणू चांगलाच चुंबकीय असतो, पण या अणुचुंबकांची तोंडं वाट्टेल तिकडे असतात. तोच मॅंगनीज लोह आणि ऑक्सिजनबरोबर स्पिनेल स्फटिकात बसला, म्हणजे त्याचं मॅंगनीज फेराइट झालं, की सगळं पालटतं. तिथे धातूच्या अणूंसाठी दोन तऱ्हेच्या जागा असतात. एकीभोवती चार ऑक्सिजन, दुसरीभोवती सहा. दोन्हीकडचे अणुचुंबक एकमेकांविरुद्ध उभे राहतात, पण बळ सारखं नसल्याने थोडं चुंबकत्व शिल्लक उरतं. लुई नील यांनी 1948 मध्ये हे गणित मांडलं आणि अशा कामासाठी त्यांना 1970 चं नोबेल मिळालं. म्हणजे कोण कुठे बसलंय, यावर पदार्थाचा गुण ठरतो. मला तेच शोधायचं होतं.

बनवायची रीत साधी आहे. दोन्ही धातूंची नायट्रेट आणि सायट्रिक अॅसिड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं, थेंब थेंब अमोनिया सोडत पीएच 7 वर आणायचा आणि 80 अंशांवर ढवळत ठेवायचं. द्रावण आटून जेल होतं, फुगतं, मग तळाशी एक ठिणगी पेटते आणि बघता बघता सगळ्या जेलमधून धावत जाते. मागे उरते हलकी, काळपट राख. बीकरबाहेरून चुंबक धरला तेव्हा ती काचेला बिलगून वर चढली. मी वर्ग सोडून निघालेल्या मुलींना हाका मारून बोलावलं.

पुढे भट्टीत तापवताना मॅंगनीज आपला स्वभाव दाखवतो. हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि रचना फुटते. माझी पूड तांबूस झाली. नागपूरहून आलेल्या एक्सआरडीत, म्हणजे एक्स-किरणांच्या विवर्तन आलेखात, 35 अंशांजवळच्या मोठ्या पीकच्या डाव्या हाताला, 33 अंशांलगत, एक बारीक पीक उभं होतं. ते हेमेटाइटचं. नंतरचे नमुने नायट्रोजनच्या प्रवाहात तापवले आणि ते पीक नाहीसं झालं.

तरी मूळ प्रश्न तसाच राहिला. मॅंगनीजचा अणुक्रमांक 25, लोहाचा 26. एक्स-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, त्यामुळे त्यांना हे दोघे जवळपास सारखेच दिसतात. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रावरून विखुरतो, आणि तिथे लोहाच्या विखुरण्याचं चिन्ह धन, तर मॅंगनीजच्या विखुरण्याचं ऋण. शिवाय न्यूट्रॉन स्वतः चुंबकीय असल्याने अणुचुंबकांच्या दिशाही कळतात. हेस्टिंग्ज आणि कॉर्लिस यांनी 1956 मध्ये याच वाटेने दाखवलं की मॅंगनीज फेराइटमध्ये सुमारे 80 टक्के मॅंगनीज चार ऑक्सिजनच्या जागांत असतो.

ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर विद्यापीठांतल्या संशोधकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममार्फत असं न्यूट्रॉनचं मोजमाप करता येतं. अर्ज मंजूर झाला आणि भंडारा रोडला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढले, तेव्हा पुडीची बाटली पर्समध्ये सांभाळून ठेवली होती. तिथे व्हॅनेडियमच्या बारीक नळीत ती भरली, कारण व्हॅनेडियमची स्वतःची पीक जवळजवळ उमटतच नाहीत. पडद्यावर एकेक बिंदू जमत आलेख उभा राहिला. घरी येऊन रिटव्हेल्ड पद्धतीने तो स्फटिकरचनेच्या गणिताशी जुळवला. माझ्या बारीक कणांत मॅंगनीजची वाटणी मोठ्या स्फटिकांपेक्षा वेगळी निघाली. माझ्या पुडीचं चुंबकत्व अपेक्षेपेक्षा कमी का भरत होतं, ते मला त्या आकड्यांत सापडलं.

पदार्थ बनवायला बीकर, भट्टी आणि चिकाटी पुरते, आणि ती जिल्ह्याच्या कॉलेजात असते. तो आतून पाहायला लागणारं यंत्र प्रत्येक गावात असणं शक्य नाही, पण त्याचं दार प्रत्येक गावाला उघडं असलंच पाहिजे. म्हणून एम.एस्सी.च्या मुलामुलींना एक्सआरडी वाचायला शिकवते, त्याच महिन्यात बीमटाइमचा, म्हणजे अशा यंत्रावरच्या वेळेचा, अर्ज लिहायलाही बसवते.